ठिपक्याआधी प्रकार वाचा: जिओकोडिंगच्या उत्तरांची ओळख

पत्त्यांची यादी पहिल्यांदा नकाशावर उतरते तेव्हा फार आनंद होतो. हजारो ओळींची फाइल जिओकोडिंग सेवेकडे, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधून देणाऱ्या सेवेकडे जाते, थोड्याच वेळात प्रत्येक ओळीसमोर अक्षांश-रेखांश येऊन बसतात आणि सगळा पडदा ठिपक्यांनी भरून जातो. मलाही तो आनंद झाला होता. मग नकाशा मोठा करत गेलो, तर एका शहराच्या मधोमध एक ठिपका बाकीच्यांपेक्षा गडद दिसला. त्यावर क्लिक केलं, तर तिथे शंभराच्या वर पत्ते एकावर एक रचलेले. रस्ते वेगळे, उपनगरं वेगळी, पण आकडे मात्र दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत सारखे. सेवेला ते पत्ते सापडलेच नव्हते. तिने प्रत्येकासाठी शहराचा मध्यबिंदू काढून दिला होता आणि उत्तरात तसं लिहिलंही होतं. मी ते रकाने वाचलेच नव्हते, फक्त आकडे उचलले होते.

जिओकोडिंग शिकवायची वेळ आली की मी आता तिथूनच सुरुवात करतो. सेवा जो बिंदू पाठवते तो नेहमी कशाचा तरी असतो: घराचा, रस्त्याचा, वस्तीचा, पोस्टल कोडच्या टापूचा, डोंगराचा, नाहीतर अख्ख्या देशाचा. कशाचा आहे ते ठरल्याशिवाय त्या बिंदूचा काहीच उपयोग करू नये. हे ठरवायची साधनं प्रत्येक सेवा स्वतःच देते. ती ओळखायची कशी आणि कामाला लावायची कशी, ते पुढे पायरी-पायरीने सांगतो.

एक सूचना आधीच करतो. सेवांचे तांत्रिक शब्द मी इथे उच्चारतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष उत्तरात ते इंग्रजी अक्षरांत येतात, आणि छोटी-मोठी अक्षरं किंवा शब्दांमधली अधोरेघ यांची पद्धत सेवेनुसार बदलते.

पायरी 1: एक पत्ता हाताने विचारा

कोड लिहायच्या आधी ब्राउझर उघडा आणि ओळखीचा एकच पत्ता विचारून पाहा. शिकायला नॉमिनॅटिम सोयीची आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी ही मोफत सेवा आहे आणि तिच्या लॅटिन नावाचा अर्थच 'नावाने' असा होतो. तिच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकाहून जास्त विनंत्या पाठवायच्या नसतात, हा नियम सुरुवातीपासून पाळा. हाताने विचारताना तेवढा वेग भरपूर झाला.

उत्तर जेसनमध्ये, म्हणजे रकान्याचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या साध्या मजकुरात येतं. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचा. त्यात अक्षांश-रेखांश असतात, वाचायला सोपा असा जोडून लिहिलेला पत्ता असतो, मागितले तर त्याच पत्त्याचे सुटे केलेले भाग असतात, त्या वस्तूला घेरणारी चौकट असते, सेवेच्या कोठारातला तिचा ओळख क्रमांक असतो आणि प्रकार सांगणारे एक-दोन रकाने असतात. नवा माणूस पहिल्या दोन गोष्टी घेतो आणि बाकीच्या सोडून देतो. खरी माहिती त्या बाकीच्यांमध्ये आहे.

पायरी 2: दोन प्रश्न वेगळे ठेवा

पहिला प्रश्न, सापडलेली वस्तू काय आहे? दुसरा, तिची जागा किती नेमकेपणाने ठाऊक आहे? हे दोन प्रश्न एकच वाटतात आणि निम्म्या चुका तिथूनच होतात.

गूगलच्या सेवेत हा फरक नीट दिसतो. 'टाइप्स' या रकान्यात वस्तूचा प्रकार येतो: 'स्ट्रीट ॲड्रेस' म्हणजे क्रमांकासह पूर्ण पत्ता, 'प्रेमिस' म्हणजे एखादी इमारत किंवा संकुल, 'सबप्रेमिस' म्हणजे त्या इमारतीतला एक भाग, 'रूट' म्हणजे रस्ता, 'लोकॅलिटी' म्हणजे शहर किंवा गाव. 'लोकेशन टाइप' हा रकाना वेगळा असतो आणि त्यात चारच शब्द येऊ शकतात. 'रूफटॉप' म्हणजे बिंदू त्या पत्त्यावर नेमका आहे. 'रेंज इंटरपोलेटेड' म्हणजे दोन ठाऊक बिंदूंच्या मधली जागा हिशेबाने काढली आहे. 'जिओमेट्रिक सेंटर' म्हणजे रस्त्यासारख्या रेषेचा किंवा एखाद्या क्षेत्राचा मध्य घेतला आहे. 'ॲप्रॉक्सिमेट' म्हणजे यांपैकी काहीच नाही, फक्त ढोबळ जागा.

आता जोड्या लावून पाहा. 'स्ट्रीट ॲड्रेस' आणि 'रूफटॉप' असेल तर दार सापडलं. 'स्ट्रीट ॲड्रेस' आणि 'रेंज इंटरपोलेटेड' असेल तर प्रकार तोच राहिला, पण बिंदू हिशेबातून आला. तो शेजारच्या घरावर असू शकतो आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही असू शकतो. 'लोकॅलिटी' आणि 'ॲप्रॉक्सिमेट' हे उत्तर नुसतं शहर विचारलं असेल तर अगदी बरोबर आहे, पण घरक्रमांकासह पत्ता विचारल्यावर हेच आलं तर तो पत्ता हुकला असं समजा.

आणखी एक खूण आहे, 'पार्शल मॅच'. विचारलेलं सगळंच्या सगळं जुळलं नाही, पण काही भाग जुळला, असा तिचा अर्थ. ही खूण असलेल्या ओळी वेगळ्या काढून डोळ्यांखालून घाला. पुष्कळदा कारण साधं निघतं, रस्त्याच्या नावातली एखादी अक्षरचूक.

पेलियस, हिअर, मॅपबॉक्स अशा बाकीच्या जिओकोडिंग सेवा हेच आपापल्या शब्दांत सांगतात. पेलियस 'मॅच टाइप'मध्ये 'एक्झॅक्ट', 'इंटरपोलेटेड' किंवा 'फॉलबॅक' लिहितो. 'फॉलबॅक' दिसलं की समजायचं, मागितलेलं सापडलं नाही म्हणून एक-दोन पायऱ्या वरचं दिलं. हिअरच्या उत्तरात 'रिझल्ट टाइप' असतो, तो घर असेल तर ते प्रत्यक्ष नोंदलेलं आहे की अंदाजाने काढलेलं हे सांगणारा एक उपप्रकार असतो, आणि पत्त्याचा कोणता भाग किती जुळला याचे गुणही असतात. मॅपबॉक्समध्ये 'ॲक्युरसी' हा रकाना 'रूफटॉप', 'पार्सल', 'पॉइंट', 'इंटरपोलेटेड' असे शब्द देतो.

दशांशाच्या पुढचे आकडे पाहून मात्र फसू नका. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे 111 किलोमीटर. त्या हिशेबाने दशांशाचं पाचवं घर साधारण एक मीटरचं झालं आणि सातवं घर एका सेंटिमीटरचं. देशाच्या मध्यबिंदूलाही सेवा सात घरं लिहून देते. आकडा कितीही लांब असला, तरी त्यावरून अचूकतेबद्दल काहीही कळत नाही.

पायरी 3: पत्त्याची शिडी समजून घ्या

पत्त्याचे सुटे भाग एका शिडीवर बसवलेले असतात. वर देश, खाली राज्य किंवा प्रांत, मग जिल्हा, शहर, उपनगर, वस्ती, रस्ता आणि सगळ्यात खाली घर. कल्पना सोपी आहे. घोडं पेंड खातं ते पायऱ्यांच्या नावांपाशी.

नॉमिनॅटिमने या पायऱ्यांना आकडेच दिले आहेत. पत्त्यातल्या क्रमांकांत 4 म्हणजे देश, 5 ते 9 राज्याची पातळी, 10 ते 12 जिल्ह्याची, 13 ते 16 शहराची, 17 ते 21 उपनगराची, 22 ते 24 वस्तीची, 26 आणि 27 रस्त्याची, 28 ते 30 घराची किंवा एखाद्या ठिकाणाची. मला ही पद्धत फार आवडते, कारण तुलना करायला नावं लागत नाहीत. '26 किंवा त्याहून जास्त' असं म्हटलं की रस्ता आणि त्याखालचं सगळं आलं.

गूगल राज्याला राज्य म्हणत नाही, 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह एरिया लेव्हल 1' म्हणतो. जिल्हा बहुधा 'लेव्हल 2'वर असतो आणि हे आकडे 7पर्यंत जातात. कारण समजण्यासारखं आहे. कुठे राज्यं आहेत, कुठे प्रांत, कुठे कॅन्टन, कुठे प्रीफेक्चर, आणि कोणताही एक शब्द सगळीकडे चालणार नव्हता. पण म्हणूनच एका देशातली 'लेव्हल 2' आणि दुसऱ्या देशातली 'लेव्हल 2' एकाच तराजूत घालता येत नाही. आकडा त्या-त्या देशातली उतरंड दाखवतो. लोकसंख्या किंवा क्षेत्रफळ त्यातून कळत नाही.

नवख्यांना सगळ्यात जास्त त्रास शहराच्या पायरीवर होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

नॉमिनॅटिमच्या उत्तरात 'सिटी' हा रकाना आहे असं गृहीत धरून कोड लिहिला जातो. चाचणीला मोठी शहरं घेतलेली असतात, त्यामुळे तो चालतोही. नंतर खऱ्या यादीत अर्ध्या ओळींत शहर रिकामं येतं. माहिती गेलेली नसते, ती 'टाउन', 'व्हिलेज' किंवा 'हॅम्लेट' अशा दुसऱ्या नावाच्या रकान्यात बसलेली असते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वस्तीच्या आकारानुसार हे शब्द वेगळे लावतात. साधारणपणे एक लाखाच्या वर लोकसंख्या असेल तर 'सिटी', दहा हजार ते एक लाख असेल तर 'टाउन' आणि त्याखाली 'व्हिलेज', पण स्थानिक महत्त्व पाहून यात फरक पडतो. म्हणून कोडमध्ये एकाच रकान्यावर न विसंबता हे सगळे क्रमाने तपासायचे आणि पहिला भरलेला घ्यायचा.

दुसरी अडचण उलट बाजूची. मोठं शहर शोधलं की त्याच सेवेत वर्ग 'बाउंडरी' आणि प्रकार 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' असा येतो. 'सिटी' हा शब्द त्यात कुठे दिसत नाही आणि माणूस गोंधळतो. झालेलं असतं असं, की सेवेने शहराचा ठिपका न देता त्याची प्रशासकीय सीमारेषा दिलेली असते आणि वर्ग-प्रकार त्या रेषेचे असतात. अशा वेळी 'ॲड्रेस टाइप' हा तिसरा रकाना पाहायचा. तो ती वस्तू पत्त्यात कोणत्या पायरीवर बसते ते सांगतो. तशीच गंमत इमारतींची: वर्ग 'बिल्डिंग' आणि प्रकार 'येस'. नकाशा काढणाऱ्याने 'ही इमारत आहे का? होय' एवढंच नोंदलं, घर की गोदाम ते लिहिलं नाही, म्हणून प्रकाराच्या जागी 'येस' उरलं. नॉमिनॅटिमचे वर्ग आणि प्रकार थेट ओपनस्ट्रीटमॅपच्या टॅगांतून, म्हणजे नकाशातल्या वस्तूंना लावलेल्या वर्णनाच्या शब्दांतून येतात हे लक्षात ठेवलं की असली कोडी आपोआप सुटतात.

गूगलमध्येही शहर नेहमी 'लोकॅलिटी'तच सापडेल असं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पत्त्यांत ब्रुकलिन हे 'सबलोकॅलिटी लेव्हल 1' म्हणून येतं आणि 'लोकॅलिटी' नसूही शकते. ब्रिटनमध्ये टपालासाठी जे शहर लिहितात ते 'पोस्टल टाउन'मध्ये येतं. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी पत्ता रस्त्यावरून लिहीतच नाहीत. भाग, त्यातला गट आणि गटातली इमारत असा तो उतरत जातो, म्हणून तिथे 'रूट' न मिळणं स्वाभाविक आहे. जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या जुन्या मध्यभागात तर चौकोनांनाच अक्षर आणि आकडा दिलेला आहे आणि पत्ता त्या चौकोनावरून लिहितात. प्रत्येक पत्त्यात रस्त्याचं नाव असलंच पाहिजे अशी अट तुमच्या फॉर्ममध्ये असेल, तर हे सगळे लोक तो फॉर्म भरू शकणार नाहीत.

पायरी 4: अंदाजाने काढलेला पत्ता कागदावर एकदा मांडून पाहा

इंटरपोलेशन हा शब्द ऐकून वाटतं त्यापेक्षा ही गोष्ट खूप साधी आहे. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर चार आकडे साठवलेले असतात: डाव्या बाजूचा पहिला आणि शेवटचा घरक्रमांक, आणि उजव्या बाजूचा पहिला आणि शेवटचा. अमेरिकेच्या जनगणना खात्याने 1970च्या जनगणनेसाठी अशा फाइली बनवल्या आणि 1990च्या जनगणनेसाठी त्यांच्या जागी टायगर नावाची व्यवस्था आणली. त्या खात्याचा मोफत जिओकोडर आजही याच पद्धतीने चालतो.

समजा, 400 मीटर लांबीचा एक तुकडा आहे आणि त्याच्या एका बाजूला 101 ते 199 हे विषम क्रमांक नोंदलेले आहेत. आपल्याला 125 हवा आहे. 125 मधून 101 वजा केले की 24 उरतात आणि सगळा पल्ला 98चा आहे. 24 भागिले 98 म्हणजे जवळपास पाव. 400 मीटरचा पाव म्हणजे सुरुवातीपासून सुमारे 98 मीटर. सेवा तिथे ठिपका ठेवते.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर जा. नोंद 199पर्यंत असली तरी घरं 131पर्यंतच बांधलेली आहेत आणि ती पूर्ण लांबीवर पसरली आहेत, असं समजू. मग 125 क्रमांकाचं घर 24 भागिले 30, म्हणजे 320 मीटरवर आलं. चूक 222 मीटरची झाली आणि उत्तराचा प्रकार मात्र अजूनही 'पूर्ण पत्ता'च. शहराबाहेरच्या लांब रस्त्यांवर, जिथे घरं विरळ असतात, तिथे हीच चूक आणखी मोठी होते. म्हणून रुग्णवाहिका किंवा घरपोच सामान पाठवण्यासाठी बिंदू लागणार असतील, तर अंदाजाचे आणि प्रत्यक्ष नोंदलेले पत्ते एका ढिगात कधीच ठेवू नका. शहरातल्या कोणत्या भागात किती ग्राहक आहेत एवढंच मोजायचं असेल, तर दोनशे मीटरने बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

मध्यबिंदूची गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ एक शेत आहे. इंटरनेट पत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) ठिकाण सांगणाऱ्या एका डेटाबेसला एखाद्या पत्त्याबद्दल 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच ठाऊक असलं, की तो देशाच्या मध्याजवळचा 38 अंश उत्तर, 97 अंश पश्चिम हा ठोकळ बिंदू देऊन मोकळा व्हायचा. असे 60 कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते त्या एका बिंदूवर जमले आणि तो बिंदू नेमका त्या शेतावर पडला. चोरलेला फोन शोधणारे, फसवणूक झालेले, पोलीस, सगळे वर्षानुवर्षं त्या घराशी येऊन धडकत राहिले. 2016 मध्ये ही हकिगत छापून आल्यावर तो बिंदू हलवून पाण्यात नेला गेला. ही सेवा पत्त्याची नव्हती, इंटरनेट पत्त्याची होती, पण चूक तीच होती: 'देश' या प्रकाराचं उत्तर वाचणाऱ्यांनी 'घर' म्हणून वाचलं. त्या घरात राहणाऱ्यांनी काय सोसलं असेल याचा विचार आला, की प्रकाराचा रकाना गाळणं मला नुसता तांत्रिक हलगर्जीपणा वाटत नाही.

पायरी 5: पत्ता नसलेली ठिकाणं

नदीला घरक्रमांक नसतो. डोंगर, बेट, सरोवर, वाळवंट, समुद्रातली दरी यांना नाव आहे, जागा आहे, पण पत्त्याच्या शिडीवर त्यांना जागा नाही. नॉमिनॅटिम अशा वस्तूंना पत्त्याचा क्रमांक 0 देतो, म्हणजे त्या शोधता येतील, पण कोणाच्या पत्त्यात येणार नाहीत. गूगल त्यांना 'नॅचरल फीचर' म्हणतो.

या बाजूची सगळ्यात शिस्तशीर वर्गवारी जिओनेम्स या जगभरातल्या ठिकाणांच्या नावांच्या डेटाबेसची आहे. एकेका अक्षराचे नऊ वर्ग आणि त्यांच्या पोटात सहाशेहून जास्त कोड. 'ए' मध्ये देश, राज्यं, जिल्हे. 'एच' मध्ये नद्या, सरोवरं. 'एल' मध्ये उद्यानं आणि प्रदेश. 'पी' मध्ये शहरं, गावं. 'आर' मध्ये रस्ते, लोहमार्ग. 'एस' मध्ये इमारती, शेतघरं. 'टी' मध्ये डोंगर, टेकड्या. 'यू' मध्ये समुद्राखालची रूपं. 'व्ही' मध्ये जंगलं, माळरानं. 'पी'च्या पोटात राजधानीचा कोड पीपीएलसी, राज्याच्या मुख्यालयाचा पीपीएलए, शहराच्या एका भागाचा पीपीएलएक्स, आणि सोडून दिलेल्या, ओस पडलेल्या गावासाठी पीपीएलक्यू. जुन्या कागदपत्रांतली गावं शोधणाऱ्याला हा शेवटचा कोड किती कामाचा आहे ते वेगळं सांगायला नको.

अशा ठिकाणांसाठी बिंदू घेताना हात आखडता ठेवा. डॅन्यूब नदी सुमारे 2,850 किलोमीटर लांब आहे आणि 10 देशांतून वाहते. तिचा 'एक' बिंदू कुठेही ठेवला तरी तो बाकीच्या 9 देशांना चुकीचाच. तिथे चौकट किंवा रेषा मागवायची. उलट एव्हरेस्टचा बिंदू अगदी नेमका असतो, पण शिखर नेपाळ आणि चीनच्या सीमेवर आहे. 'देश' हा रकाना एकच असेल तर तुमच्या कोडला तिथे एक बाजू निवडावी लागेल, त्याची तयारी ठेवा.

दुकानं, शाळा, स्टेशनं यांचा वर्ग आणखी निराळा. सेवा त्यांना 'पॉइंट ऑफ इंटरेस्ट', 'व्हेन्यू' किंवा नुसतं 'प्लेस' म्हणतात. इथे 'प्लेस' या शब्दापासून सावध राहा. हिअरमध्ये 'प्लेस' म्हणजे दुकान-स्टेशनासारखं ठिकाण, मॅपबॉक्समध्ये 'प्लेस' म्हणजे शहर, आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये 'प्लेस' हा वस्तीपासून देशापर्यंत कशालाही लागणारा टॅग. एका सेवेवरून दुसरीवर जाताना रकान्यांची नावं तशीच ठेवली, तर डेटामध्ये शहरं आणि दुकानं यांची सरमिसळ होते आणि ती लवकर लक्षातही येत नाही.

पायरी 6: एकाच नावाची अनेक ठिकाणं

जॉर्जिया हा देश आहे आणि अमेरिकेतलं राज्यही. लक्झेंबर्ग हा देश आहे, त्या देशाची राजधानी आहे आणि शेजारच्या बेल्जियममधला एक प्रांतही. बर्लिन हे शहर आहे आणि जर्मनीच्या 16 राज्यांपैकी एक राज्यसुद्धा. जॉर्जियाच्या बाबतीत जागाच वेगळ्या आहेत, बर्लिनच्या बाबतीत जागा एक आणि पायऱ्या दोन. दोन्हींवर इलाज वेगळा.

जागा वेगळ्या असतील तर देश आधी बांधून टाका. बहुतेक सेवांना आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकातला दोन अक्षरी देशकोड देता येतो आणि शोध त्या देशापुरता राहतो. तो दिला नाही तर सेवा प्रसिद्धीकडे झुकते. नॉमिनॅटिम विकिपीडियावरून ठिकाण किती महत्त्वाचं आहे याचा एक आकडा काढतो, त्यामुळे नुसतं 'पॅरिस' विचारलं की फ्रान्सचं वर येतं, टेक्ससमधलं मागे पडतं. पायऱ्या वेगळ्या असतील तर प्रकार बांधा. 'मला फक्त राज्य हवं' किंवा 'फक्त वस्ती हवी' असं सांगायची सोय नॉमिनॅटिम, पेलियस, मॅपबॉक्स अशा सगळ्यांत आहे. तुमच्या यादीत राज्याचा रकाना मुळातच वेगळा असेल, तर सगळं एका ओळीत जोडून पाठवण्यापेक्षा रकान्यांतच पाठवा.

पोस्टल कोडबद्दल थोडक्यात. तो क्षेत्र वाटतो, पण मुळात तो टपाल पोचवायची सोय आहे. अमेरिकेचा झिप कोड, 1963 साली आलेला, टपालाच्या फेऱ्यांवर बेतलेला आहे. त्याला स्वतःची सीमारेषा नाही, म्हणून जनगणना खात्याला आकडेवारीसाठी त्याच्याशी मिळतेजुळते वेगळे टापू आखावे लागले. ब्रिटनचा पूर्ण पोस्टकोड मात्र मोजक्या घरांपुरता असतो. तेव्हा 'पोस्टल कोडवर जुळलं' हे उत्तर एका देशात जवळजवळ दारापर्यंत नेतं, तर दुसऱ्या देशात कित्येक किलोमीटर दूर सोडतं.

पायरी 7: स्वतःचे मोजके प्रकार ठरवा

सेवांचे शब्द तुमच्या सगळ्या कोडभर पसरू देऊ नका. एका जागी त्यांचं तुमच्या शब्दांत रूपांतर करा. मी सहा पायऱ्या ठेवतो: नेमकं घर, अंदाजे घर, रस्ता किंवा चौक, वस्ती किंवा पोस्टल कोड, शहर किंवा गाव, आणि त्याहून मोठं काहीही. शिवाय दोन बाजूचे कप्पे, एक नाव असलेल्या ठिकाणांचा आणि एक निसर्गातल्या वस्तूंचा. आणि एक 'अनोळखी' असा कप्पा हवाच. सेवा नवे प्रकार न कळवता वाढवतात. अनोळखी शब्द आला की कोड कोसळता कामा नये आणि तो गुपचूप 'घर'ही होता कामा नये.

मूळ उत्तरातले प्रकार, अचूकता आणि चौकट हे रकाने जसेच्या तसे जवळ ठेवा. उद्या नियम बदलला तर सगळं पुन्हा विचारायची वेळ येणार नाही. फक्त किती दिवस साठवायची परवानगी आहे ते सेवेच्या अटींमध्ये आधी वाचा, कारण काही सेवा त्यावर मुदत घालतात.

प्रकारावर विश्वास बसत नसेल तेव्हा चौकटीच्या कर्णाची लांबी काढा. घराची चौकट काही मीटरांची असते, रस्त्याची शेकड्यांत, शहराची किलोमीटरांत. नाव काहीही असो, 30 किलोमीटरच्या कर्णाची वस्तू घर नाही. सेवांची तुलना करताना हा एक समान गज फार उपयोगी पडतो.

उलट दिशेने, म्हणजे बिंदूवरून पत्ता काढतानाही हेच नियम लागतात. नॉमिनॅटिम तिथे 'झूम' मागतो: 3 म्हणजे देश, 5 राज्य, 10 शहर, 18 इमारत. तो बिंदूच्या जवळची योग्य नोंद शोधतो, म्हणून समुद्रकिनाऱ्यावरच्या बिंदूला आतल्या रस्त्यावरचा पत्ता मिळू शकतो. मिळालेल्या वस्तूचे अक्षांश-रेखांश आणि तुम्ही विचारलेले, यांतलं अंतर मोजून ठेवा. ते मोठं असेल तर पत्ता कामाचा नाही.

पायरी 8: ताळा करून पाहा

पूर्ण यादी पाठवण्याआधी जाणूनबुजून अवघड असे तीसेक पत्ते निवडा. घरक्रमांक नसलेला, नुसता चौक, गावाचं जुनं नाव, दोन रस्त्यांना एकच नाव असलेला, मुद्दाम चुकीचा लिहिलेला आणि अस्तित्वातच नसलेला. या शेवटच्याला सेवा काय उत्तर देते ते नीट पाहा. तिने 'काही सापडलं नाही' म्हटलं तर ठीक, शहराचा मध्य दिला तर तुमचा नियम तो पकडतो का ते तपासा. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश हा बिंदूही शोधा. तो आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे, आणि तिथे पत्ते दिसले तर रिकाम्या उत्तरांचं कुठेतरी शून्यात रूपांतर झालं आहे.

पूर्ण यादी आल्यावर अक्षांश-रेखांशांच्या जोड्या मोजा आणि जास्त वेळा आलेल्या जोड्या वर येतील अशा लावा. पहिल्या दहा-वीस ओळींत मध्यबिंदू स्वतःहून समोर येतात. माझ्या त्या गडद ठिपक्यावरचे पत्ते मी असेच वेगळे काढले. बहुतेकांत इमारतीचं नाव, मजला आणि रस्ता एकाच रकान्यात स्वल्पविरामाशिवाय लिहिलेले होते. मजला काढून टाकला, रस्ता आणि शहर वेगळ्या रकान्यांत पाठवलं, तशी त्यांतली बरीच घरं आपापल्या रस्त्यांवर जाऊन बसली. जे उरले त्यांच्यासमोर 'शहर' हा प्रकार लिहिला. शहराच्या बेरजेत ते आजही मोजले जातात, पण नकाशावर त्यांचा ठिपका काढत नाही.